मामानं काही आणू नये

हेमानं ते वाक्य कंपाउंडच्या भिंतीवरून टाकलं, आणि टाकताना ती कोथिंबीर निवडत होती.

“भैया, आप कुछ लाना मत हं. बस आके सावनी के पीछे खड़े हो जाना. बाकी सब हम देखेंगे.”

भिंतीपलीकडे नरेंद्र सक्सेना उन्हात मटार सोलत बसले होते. जानेवारीचं ऊन, विकास नगरात दुपारी कुठे जरा धड पडतं, म्हणून सगळी कामं तेव्हाच अंगणात. त्यांनी हातातली शेंग अर्धवट सोलून परातीत ठेवली.

“अच्छा,” ते म्हणाले. परात उचलली आणि आत गेले.

लखनौत ‘अच्छा’ पुष्कळ जातींचे मिळतात. ही जात हेमानं आजवर ऐकली नव्हती. तिला वाटलं, थंडी वाजली असेल.

आपण अगदी शहाण्यासारखं बोललो, अशी तिची खात्री होती. ती कराडची. तिच्या माहेरी प्रत्येक लग्नपत्रिकेच्या तळाशी ‘कृपया आहेर आणू नये’ असायचंच आणि ते वाचून पाहुण्यांना यजमानांबद्दल आदर वाटायचा. दुसऱ्याला खर्चात पाडायचं नाही, यालाच ती माणुसकी समजत आली होती. मराठी लग्नात मामाचं काम तरी काय? मुलीला हाताला धरून मंडपात आणायचं आणि अंतरपाटाशी तिच्या मागे उभं राहायचं. आपल्या लेकीच्या, सावनीच्या लग्नात एवढ्यासाठी रिटायर झालेल्या माणसाला बाजारात कशाला पळवायचं?

मामा आला कुठून

दोन हजार एक. ट्रकमधून सामान उतरतंय. शेजारचा माणूस बनियनवर येतो, फ्रिजचं एक टोक धरतो आणि दुसऱ्या टोकाला असलेल्या देवदत्तला फ्रिज कसा धरायचा ते शिकवतो. देवदत्त वनस्पतींच्या रोगांवर संशोधन करायला आलेला शास्त्रज्ञ, हेमाचा नवरा. तो निमूट शिकतो. नावं वगैरे नंतर.

दोन हजार दोन. राखी. हेमाला भाऊ नाही, एक बहीण आहे. सक्सेना चार भाऊ, बहीण एकही नाही. त्यांची बायको गीता भाभी म्हणते, “इनकी कलाई सूनी, तुम्हारी थाली सूनी, तो बाँध दो न यार, इसमें सोचना क्या.” हेमा बांधते. गाठ सुटते. पुन्हा बांधते.

दोन हजार पाच. हेमाला डेंग्यू. देवदत्त परदेशात कॉन्फरन्सला. दवाखान्यात नर्स विचारते, तुम्ही पेशंटचे कोण? भाऊ. मग आडनाव वेगळं कसं? “आप बोतल बदलिए,” नरेंद्रभैया म्हणतात.

दोन हजार आठ. सावनीचा गणिताचा क्लास निशातगंजला. मामा स्कूटरवर सोडतो, मामाच आणतो. परत येताना दोघं टिक्की खातात आणि घरी येऊन दोघं आपापल्या घरात सांगतात की आज भूक नाही.

दोन हजार तेरा. देवदत्त भाड्याचं घर विकत घेतो. कराडला परत जायचं, हे वाक्य घरातून हळूहळू गेलेलं असतं, कधी गेलं ते कुणी पाहिलेलं नाही. “अब भाग के दिखाओ,” भैया म्हणतात.

आणि आता दोन हजार सतरा, सावनीचं लग्न, नाशिकच्या हृषीकेशशी, पण लग्न लखनौतच, कारण तिला मामा आणि मंडप दोन्ही इथले हवे होते.

अबोला, एका दमात

तर त्या दुपारनंतर भैया सकाळी वर्तमानपत्र वाचून झाल्यावर ते भिंतीवर ठेवेनासे झाले, आणि हेमानं आवळ्याचं लोणचं दिलं तर “हाँ, रख दो” म्हणाले, चाखलंसुद्धा नाही, आणि हॉल बघायला चला म्हटलं तर गुडघा दुखत होता, केटरर ठरवायला चला म्हटलं तर दुसरा गुडघा, आणि सावनी बंगळूरहून आली तेव्हा तिच्या डोक्यावर हात ठेवून इतका वेळ उभे राहिले की ती म्हणाली मामा, भारी लग रहा है, तरी हसले नाहीत, आणि हेमाला रात्रंदिवस एकच लागून राहिलं की माणूस आपल्यावर रागावलाय आणि आपण काय केलं ते आपल्यालाच ठाऊक नाही, आणि असंच चाललं तर तो शेजारी म्हणून येईल, कुणाच्या तरी पाहुण्यासारखा पाकीट देईल, जेवेल, जाईल.

स्वयंपाकघरात

“मम्मी, मामा नाराज हैं क्या?”

“मराठीत विचार.”

“विचारलं असतं, पर फिर आप मराठी में डाँटतीं.”

देवदत्तनं चष्मा कपाळावर नेला आणि तो हेमाकडे वळला. “हे बघ, मामा पाहिजेच तर साताऱ्याच्या लक्ष्मीकांतला फोन करतो. तुझा चुलतभाऊच आहे. येईल, उभा राहील.”

“पापा, लक्ष्मीकांत मामाला मी ओळखतच नाही. वो मुझे सोनाली बुलाते हैं.”

“एक दिवस म्हणू दे की.”

“ये मेरी शादी है यार, कोई फिल्म की शूटिंग नहीं कि डुप्लिकेट चलेगा.”

 हेमा पोळी लाटत होती आणि पोळीला कोपरे येत होते.

कढीपत्ता

गीता भाभी कढीपत्ता न्यायला आली. झाड हेमाचं, पण त्यावर ताबा भाभीचा. तिनं पानं ओरबाडली, तरी जागची हलेना.

“भाभी, भैया को क्या हुआ है?”

“तुम्हारे भैया हैं, तुम जानो, ननद रानी.”

“मेरे से कुछ गलती हुआ?”

“गलती?” भाभीनं कढीपत्त्याची काडी हेमापुढे नाचवली. “निशातगंज से साड़ी लाए. पीली, लाल किनारे की. दुकानदार का सिर खा गए, बहन की है, बहन की है. चार दिन पलंग पर फैला के बैठे रहे, मैं सोफे पे सोई. फिर तुम बोलीं कुछ लाना मत. साड़ी अलमारी के ऊपर गई, और आदमी चुप.”

“मी तर खर्च नको म्हणून...” हेमा मराठीतच अडखळली.

भाभीला सोळा वर्षांत एवढी मराठी कळायला लागलीच होती. “खर्च की बात करती है. अरे, हमारे यहाँ भांजी की शादी में मामा भात लाता है. बहन की साड़ी, बहनोई के कपड़े, लड़की का सामान, मिठाई, आधा खानदान साथ में. भाई की लाई साड़ी पहन के माँ मंडप में बैठती है. चार भाई हैं ये, बहन एक नहीं. बाकी सबने दूसरों के भात देखे, अपना किसी ने नहीं दिया. अपने घर, मैनपुरी में सबको बोल चुके थे कि हमारे यहाँ भी भात जाएगा. और तुमने क्या कहा? मत लाना. सीधा बोल देतीं कि भाई नहीं मानती.”

हेमा पायरीवर बसली. इतक्या वर्षांत सक्सेनांच्या किती लग्नांत ती जेवून आली होती. भात नावाचा प्रकार तिनं पाहिला होता, साड्यांनी भरलेल्या त्या थाळ्यांचं कौतुकही केलं होतं. पण पाहुण्यानं पाहावं तसं पाहिलं होतं. आपल्यासाठीही एक थाळी असू शकते, हे डोक्यातच आलं नव्हतं.

“आता मी काय करू?”

“वो तो न्योता लेके आती है बहन. भाई के दरवाज़े पे. गुड़ लाती है, चावल लाती है, और माँगती है.”

“मग सांगा ना, कसं यायचं, काय म्हणायचं.”

“मैं क्यों बताऊँ? मैं तो भाभी हूँ. मेरे ही घर पे चढ़ाई करोगी और रास्ता मुझसे पूछोगी?” असं म्हणून ती गेली. फाटकापाशी वळून म्हणाली, “गुड़ अच्छा वाला लाना. कोल्हापुर वाला.”

चढाई

हेमानं गूळ घेतला. तांदूळ घेतले, पण नुसते कसे न्यायचे, म्हणून त्यांना कुंकू लावलं आणि त्या अक्षता झाल्या. वर नारळ ठेवला, कारण कराडकर माणूस नारळाशिवाय कुणाच्या दारी मागायला जात नाही. देवदत्तला इस्त्रीचा शर्ट घालायला लावला.

“शेजारी तर जायचंय,” तो म्हणाला.

“शेजारी नाही. माहेरी.”

यावर त्यानं बूटही घातले.

दार भैयांनीच उघडलं. मफलर, स्वेटर, हातात रिमोट. हेमाच्या हातातलं ताट पाहिलं, मागे उभ्या देवदत्तचे बूट पाहिले, आणि दार उघडंच टाकून आत निघून गेले.  आतून कपाटाचा आवाज आला, भाभीचं कुजबुजणं आलं, “वो नहीं, सफेद वाला,” आणि मग भैया पांढरा कुर्ता घालून बाहेर आले. टीव्ही बंद केला. रोज दारातून “आओ, आओ” ओरडणारा माणूस हात जोडून म्हणाला, “आइए. बैठिए.”

हेमा बसली. ताट पुढे केलं. भैयांनी ते दोन्ही हातांनी घेतलं आणि मांडीवर ठेवलं. आता बोलायचं होतं, आणि हेमाला मागता येत नव्हतं. वडिलांकडे कधी मागितलं नाही, नवऱ्याकडे मागायची वेळ येऊ दिली नाही. कुणाकडे काही मागायचं नाही, यावर तर ती ताठ मानेनं जगत आली होती.

“भैया,” ती म्हणाली, “सावनी की शादी है. आप भात लेके आना.”

भैया गुळाकडे बघत होते.

“मेरे को साड़ी चाहिए.”

“कौन सी?” ते ताटाशीच बोलल्यासारखे बोलले.

“पीली. लाल किनारे की.”

आतल्या खोलीत भाभीनं उगाच भांडं आपटलं.

“और?” भैयांनी विचारलं.

“और... इनके लिए कपड़ा.” देवदत्त मराठीत म्हणाला, “अगं, मला कशाला,” आणि हेमानं त्याच्या बुटावर चप्पल ठेवली. “सूट का. अच्छावाला. इनके पास एक ही है, उसमें ये बारीक थे.”

“और?”

“सावनी को पायल. आवाज़ वाली.”

“और?”

आता तिला गती आली. पेढे नकोत, साईच्या गोड विड्यासारखी मलाईगिलौरी हवी, ती पण जुन्या लखनौच्या चौकातली, कोपऱ्यावरची नाही. भाभीनं नथ घालून यायचं, नथ हेमा देणार, पण घालायची. भैयांनी फेटा बांधायचा, बांधून घेताना मान हलवायची नाही. प्रत्येक मागणीबरोबर भैयांची पाठ खुर्चीत सरळ होत गेली. शेवटी त्यांनी मफलर काढून टाकला आणि भाभीला हाक मारली, “सुन रही हो? पूरा घर माँग रही है ये तो.”

“दे दो,” भाभी आतून म्हणाली. “मुझे भी दे दो साथ में.”

भैयांनी फोन घेतला. मैनपुरीला थोरल्या भावाला लावला आणि अख्ख्या गल्लीला कळेल अशा आवाजात सांगितलं की हाँ दद्दा, बहन आई है, न्योता लेके आई है, बैठी है सामने, हाँ हाँ, गुड़ लाई है, और एक नारियल भी, पता नहीं क्यों, तो आप लोग बस कर लीजिए, सब आइए.

देवदत्त हेमाच्या कानाशी वाकला. हॉलवाल्याला ताटांचा आकडा तोच सांगून आला होता. “बस म्हणाले का ते?”

“हो.”

“मोठी की मिनी?”

तेवढ्यात भैयांनी फोनवर हात ठेवून नेमकं तेच विचारलं. दद्दा म्हणतायत मिनी बस मिळतेय, पण मग वडिलांच्या बहिणी, दोन्ही म्हाताऱ्या आत्या, मागे राहतील.

देवदत्तनं हेमाकडे पाहिलं. हेमानं पदर खांद्यावर घेतला आणि आरामात मागे टेकून बसली.

“बड़ी कीजिए, भैया,” ती म्हणाली.