शटरवरची मालकीण

बाजाररस्ता एका दिवसात मेला नाही. आधी गावाबाहेर, गाड्या लावायला ऐसपैस जागा असलेलं मोठं दुकानसंकुल उभं राहिलं. मग रस्त्यावरचा बूटवाला गेला, मग भांडीवाला, मग औषधवाला. आणि औषधवाला गेल्यावर म्हातारी माणसंही यायची थांबली. उरली ती खाली ओढलेली शटरं आणि त्यांच्यावर कोणी कोणी लिहून ठेवलेल्या शिव्या. माणूस गेल्यावर नातेवाईक जमतात, तसे मग रस्त्यासाठीही जमले. नगरपालिका आली, बँक आली, व्यापारी मंडळ आलं, ते संकुल बांधणारा बिल्डरसुद्धा आला, आणि सगळ्यांनी मिळून 'बाजाररस्ता पुनरुज्जीवन भागीदारी' नावाची संस्था काढली. बिल्डर अध्यक्ष झाला. नाव घेता घेता दम लागायचा, म्हणून लोक नुसतं 'भागीदारी' म्हणत. ज्याने घाव घातला तोच मलमपट्टीला बसला होता. पण मलम फुकटचं होतं, त्यामुळे कोणी काही बोललं नाही.

भागीदारीने आधी कुंड्या ठेवल्या. मग बाकं ठेवली. बाकांवर बसून बघायचं काय, तर बंद शटरं. म्हणून मग शटरं रंगवायचं ठरलं. बंद दुकानाच्या शटरवर चालू दुकानाचं चित्र. रस्ता भरलेला दिसला की गिऱ्हाईक येईल, गिऱ्हाईक आलं की दुकानदार येईल, असं त्यामागचं शहाणपण होतं. ताटात जेवणाचं चित्र काढून पोट भरतं असं मानणारी माणसं शिकलेलीच असतात.

हे काम पेंटरकडे आलं. गावात त्याला नावाने कोणी हाक मारत नसे. सासूबाईसुद्धा त्याला 'पेंटर'च म्हणत, आणि ते कौतुकाने नव्हे. छापील फलक आले तसा त्याचा धंदा बसला होता. हातात कला आणि खिशात हात, अशी दोन-तीन वर्षं त्याने काढली होती. त्यामुळे भागीदारीच्या समन्वयक बाईंनी बोलावलं तेव्हा तो पळतच गेला. आणि काम मात्र त्याने मनापासून केलं, हे त्याच्या शत्रूनेही मान्य करावं. शटर म्हणजे काही सपाट भिंत नव्हे. पट्टीखाली पट्टी असते, मधे खाच असते, जवळून पाहिलं तर पावाचे तुकडे आणि फुलांच्या चिंध्या दिसतात. पेंटर तारेच्या ब्रशने गंज खरवडायचा, लाल प्रायमर मारायचा, मग बोटाएवढ्या कुंचल्याने खाचेच्या आत रंग घालायचा आणि दर थोड्या वेळाने रस्त्याच्या पलीकडे जाऊन डोळे बारीक करून बघायचा. पलीकडून त्याची बेकरी अशी दिसायची की पोटात भूक उठावी. फुलवालीच्या दुकानात तर त्याने एक पाणी गळणारी बादलीही काढली होती.

आता त्याच्या बायकोचं. ती कपडे दुरुस्त करायची. शिवायची नाही, शिवणारे गावात पुष्कळ होते. आखूड करणं, सैल करणं, चेन बदलणं, झिजलेली कॉलर उलटवून लावणं हे तिचं काम, आणि उसवलेली शिवण कुठे होती हे तिने केलेल्या कपड्यावर शोधून सापडत नसे. पण मशीन होतं स्वयंपाकघराच्या दारात. गिऱ्हाईक तीन जिने चढून धापा टाकत यायचं, आणि पँट घालून बघायला त्याला मोरीत पाठवावं लागायचं. कपड्यांना फोडणीचा वास लागायचा. तिला दुसरं काही नको होतं. एक दुकान, त्यात एक उभा आरसा आणि आरशासमोर एक पडदा.

ते मिळण्याची सोयही भागीदारीनेच केली होती. बंद गाळ्यात कोणी नवा धंदा काढायला तयार असेल, तर मालकाशी बोलून पहिल्या वर्षी निम्म्या भाड्यात गाळा द्यायचा, अशी योजना होती. बायकोने कोपऱ्यावरचा गाळा मागितला. दोन बाजूंनी उजेड, दारात एकच पायरी. समन्वयक बाई म्हणाल्या, "तुमचाच समजा. अध्यक्षांची सही झाली की किल्ली."

आणि इथे पेंटरने एक चूक केली. सही व्हायला वेळ लागत होता, रस्ता बघायला बाहेरगावचे पाहुणे यायचे होते, आणि कोपऱ्यावरचं शटर तेवढं उघडंबोडकं राहिलं होतं. बाई म्हणाल्या, तोवर यावरही काहीतरी काढा. दुसरा कोणी असता तर तो दोन फुलदाण्या काढून मोकळा झाला असता. पेंटरने बायकोचं दुकान काढायचं ठरवलं.

घरी त्याने तिला स्टुलाशी उभं केलं, गळ्यात टेप, हातात कात्री.

"हस," तो म्हणाला.

"कशाला हसू?"

"दुकानाची मालकीण आहेस म्हणून."

तेव्हा ती जी हसली ती अशी, की डोळे बारीक झाले आणि पुढच्या दातावर चढलेला तो एक दात दिसला. एरवी तो दात ती ओठाने झाकत असे. पेंटरने घाईघाईने कागदावर तेवढं हसू धरलं. सासूबाई दाराशी भाजी निवडत बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "बाजारात तुरी, अन् भट भटणीला मारी. आधी किल्ली तर हातात येऊ दे, पेंटर." त्यावर तिघंही हसली. त्या घरातलं शेवटचं निर्मळ हसणं ते.

चित्र झालं आणि लोक थांबून बघायला लागले. आरसा होता, पडदा होता, खुंटीवर टांगलेले कोट होते, आणि मधोमध ती. पडद्याच्या खालून कोणा गिऱ्हाइकाचे मोजे घातलेले पाय दिसत होते. ही तिचीच सूचना. एक दिवस एक आजोबा हातावर कोट टाकून आले आणि त्यांनी शटरवर टकटक केली. पेंटर पलीकडे उभा राहून बघत होता. त्याला इतका आनंद झाला की धावत जाऊन त्याने आजोबांना सांगितलं, "पुढच्या महिन्यात या, आजोबा. तोवर दुकान उघडतंय."

पाहुणे आले. रस्त्यातून चालत गेले, कोपऱ्यावर थांबले, आणि सगळ्यांनी त्या बाईशेजारी उभं राहून फोटो काढून घेतले. मग ते चित्र भागीदारीच्या पत्रकावर आलं, बसथांब्यावर आलं, दुसऱ्या गावांच्या लोकांना दाखवायच्या फलकांवर आलं. 'उत्कृष्ट बाजाररस्ता' म्हणून काचेचं एक बक्षीसही मिळालं. ज्या रस्त्यावर चालू दुकानं हाताच्या बोटांवर मोजावीत, त्याला ते मिळालं.

किल्ली काही आली नाही. शेवटी बायको स्वतःच पेंटरला घेऊन भागीदारीच्या बैठकीला गेली. लांब टेबल, मधे ते काचेचं बक्षीस, आणि भिंतीवर तीच, कमरेपर्यंत, माणसाहून मोठी. भिंतीवरची हसत होती आणि खालची खुर्चीच्या कडेवर बसली होती.

"अडचण अशी आहे, वहिनी," समन्वयक बाई गोड आवाजात म्हणाल्या, "की शटर वर केलं तर चित्र गुंडाळलं जाणार."

"गुंडाळलं जाऊ दे की. आत दुकान असेल ना, खरं."

"रोज वरखाली केलं तर रंग उडेल. पेंटर, उडेल ना?"

पेंटर म्हणाला, "उडेल." हे खरं होतं. पण खरं बोलायलाही वेळ असते.

गाळ्याचा मालक कोपऱ्यात बसला होता. त्याने आपली बाजू साफ सांगितली. रिकाम्या गाळ्यावर जादा कर बसतो. शटर रंगवलेलं असलं की गाळा वापरात धरतात, कर माफ होतो. "निम्म्या भाड्याची भाडेकरीण ठेवून मी काय मिळवू? ही आहे ती काय वाईट आहे?" त्याने भिंतीकडे हात केला. "गळती म्हणून तक्रार करत नाही, की वीज मागत नाही." सगळे हसले. अध्यक्षही हसले.

बायको हसली नाही. ती म्हणाली, "रस्त्यावर दुकानं यावीत म्हणून चित्रं काढलीत ना तुम्ही? मग मी आलेय."

यावर अध्यक्षांनी तिचं कौतुक केलं. म्हणाले, वहिनींचा उत्साह दांडगा आहे, आणि असा उत्साह वाया जाऊ नये. पाहुणे येतील त्या दिवशी त्यांनी गळ्यात टेप घालून चित्राशेजारी उभं राहावं. लोकांना फार आवडेल. मानधन देऊ.

तिने मान वळवून नवऱ्याकडे पाहिलं. "तुम्ही सांगा ना यांना. चित्र तुमचं आहे. तुम्ही म्हणालात पुसतो, तर कोण अडवणार आहे?"

पेंटरच्या तोंडाशी शब्द आले होते. पण पलीकडच्या गल्लीतली शटरंही रंगवायची आहेत आणि ती त्यालाच द्यायची आहेत, असं बाईंनी सकाळीच जिन्यात सांगितलं होतं. शिवाय, हे तो स्वतःशीसुद्धा कधी बोलला नाही, ते चित्र त्याने आयुष्यात केलेलं सगळ्यात चांगलं काम होतं. तो टेबलावरच्या बक्षिसाकडे बघत बसला.

"बरं," बायको म्हणाली आणि उठली. पुढे ती कपड्यांच्या कारखान्यात लागली. तिथे तिला खिसे लावायला दिले. सकाळपासून संध्याकाळपर्यंत नुसते डावे खिसे. उजवे लावायला दुसरी होती. घरचं मशीन तिने झाकून ठेवलं. जेवायला वाढायची, हवं नको विचारायची, भांडण म्हणून कधी काढलं नाही. भांडली असती तर बरं झालं असतं, असं पेंटरला फार वाटे.

कोपऱ्यावर ऊन थेट यायचं. त्यात पुढच्या उन्हाळ्यापर्यंत चित्र विटलं, आणि सगळ्यात आधी तिचं तोंड गेलं. डोळे होते, गळ्यातला टेप होता, ओठ मात्र उडाले होते. नवे पाहुणे यायचे होते. समन्वयक बाई म्हणाल्या, "हसू नव्याने काढा, पेंटर. जरा ठळक. आणि एक सुचवू? दात तेवढे सरळ करा."

पेंटरने घरी जुना कागद शोधला. सापडला नाही. सासूबाईंना विचारलं; त्यांनी सांगितलं, लेकीनेच तो फाडला आणि मशीनचं तेल पुसलं. रात्री जेवताना तो बायकोकडे बघत राहिला.

"काय बघताय?"

"तोंड उडालंय चित्रातलं. परत काढायचंय." तो म्हणाला, "एकदा हसतेस का?"

घास संपवून ती पाणी प्यायली. "आता कशाची मालकीण म्हणून हसू?" तिने विचारलं, आणि ते रागाने नव्हतं. तिला खरंच काही सुचत नसावं. पेंटरची मान खाली गेली. लाज वाटली त्याला, स्वतःचीच, पण लाजेने कुंचला चालत नाही.

सकाळी तो शटरसमोर बसला. डोळे मिटले तरी त्याला ते हसू आठवेना. दात कोणत्या बाजूचा कोणत्यावर चढलेला, हेही नक्की सांगता येईना. वर्षभरात तो दात त्याने पाहिलाच नव्हता. शेवटी उठून तो फुलवालीच्या शटरपाशी गेला. तिचे ओठ बघून आला, दात बघून आला, आणि तेच इथे बसवले. ती फुलवाली कोणी नव्हतीच. एका कॅलेंडरवरून उचललेली होती.

तेवढ्यात ते कोटवाले आजोबा आले. कोट तोच, अस्तर आणखी लोंबलेलं.

"तुम्ही म्हणाला होतात, दुकान उघडणार म्हणून."

"नाही उघडलं, आजोबा."

"पण बाई आहेत ना? या खऱ्या आहेत ना कुठेतरी?"

"आहे," पेंटर म्हणाला. "कामावर असते."

आजोबांनी मान हलवली आणि कोट घेऊन परत गेले. पत्ता द्यावा असं पेंटरच्या मनात येईपर्यंत ते वळणापलीकडे गेले होते.

दुपारी समन्वयक बाई येऊन बघून गेल्या. "वा! अगदी वहिनी," त्या म्हणाल्या.

संध्याकाळी पेंटर डबे आवरत असताना कारखाना सुटला. बायको त्या रस्त्याने कधी यायची नाही; वळसा घालून मागच्या गल्लीतून जायची. त्या दिवशी का कोण जाणे, आली. पलीकडच्या फुटपाथवर, जिथे उभं राहून तो नेहमी बघायचा, तिथेच ती थांबली आणि डोळे बारीक करून तिने चित्र नीट पाहिलं. आरसा पाहिला, पडदा पाहिला, खालचे मोजे घातलेले पाय पाहिले. मग तोंड पाहिलं. पेंटर कुंचला फडक्याने पुसत राहिला. तो केव्हाच स्वच्छ झाला होता.

ती रस्ता ओलांडून आली.

"ही कोण?" तिने विचारलं.

पेंटर वाकून डबे गोळा करायला लागला.

"दात छान आहेत हिचे," ती म्हणाली. तिने रंगाचा एक डबा उचलला, कारण त्याच्या दोन्ही हातांत सगळे मावत नव्हते, आणि घराच्या वाटेला लागली. "बरं झालं. निदान हिला तरी दुकान मिळालं."