दोन सूत ढाळ

ठकीचे बाबा चाळीस वर्षं लोकांच्या न्हाणीघरांत फरश्या घालत होते. शेवटी गुडघ्यांनी संप पुकारला तेव्हा ते घरी बसले, आणि घरी बसलेल्या कारागिराइतका घातक प्राणी दुसरा नाही. पहिल्या महिन्यात त्यांनी स्वयंपाकघराचा ओटा दोनदा उखडून पुन्हा बसवला. दुसऱ्या महिन्यात ठकीच्या आईने लेकीपुढे हात जोडले. "ठके, यांना तुझ्या त्या बाहुल्यांच्या घरात घाल बाई, पण माझं घर वाचव."

ठकी बाहुल्यांची घरं करायची. खरं म्हणजे नुसत्या खोल्या. तीन भिंती, पुढची बाजू उघडी, आणि खऱ्या फुटाला इथे एक इंच असं माप. विम्याच्या कचेरीतली चांगली नोकरी सोडून ती यात पडली होती. नातेवाईक 'भातुकली कशी चाललीय?' असं विचारून एकमेकांना डोळे मारायचे. आता तिला पहिलं मोठं काम मिळालं होतं. एका निवृत्त हेडबाईंना त्यांच्या लहानपणची खोली हवी होती, मोठ्या भावाच्या ऐंशीव्या वाढदिवसासाठी. मूळ घर कधीच पडलं होतं. उरला होता फक्त एक काळापांढरा फोटो, तोही डागाळलेला. ठकीने मनाशी ठरवलं होतं, ही खोली त्या दोघांना पटली तर हाच धंदा, नाहीतर मुकाट्याने परत विम्यात.

भिंती तिने स्वतः रंगवल्या. हेडबाईंनी सांगितलेला निळा यायला तीन वेळा खरवडाव्या लागल्या. जुन्या रुमालाचा पडदा शिवला, आगपेटीच्या लाकडाची खाट केली, आणि दाराशेजारी मोहरीएवढं दिव्याचं बटणही बसवलं. फरशी मात्र बाबांकडे होती.

बाबांनी पांढऱ्या सिमेंटमध्ये रंग कालवून अंगठ्याच्या नखाएवढ्या फरश्या पाडल्या, लाल आणि राखाडी मिळून दोनशे सत्तर. मग दोऱ्या ताणून, चिमट्याने एकेक उचलून, मागच्या भिंतीपासून पुढे येत त्या बसवल्या. सांधे भरून झाल्यावर त्यांनी सवयीने ओरडून सांगितलं, "ओलं आहे, कुणी पाय ठेवू नका!"

"कोण ठेवणार बाबा? मुंग्या?"

"मुंग्यांनीसुद्धा नाही ठेवायचा."

दोन दिवस बापलेक खुशीत होते. तिसऱ्या दिवशी सकाळी ठकीने खाट आत ठेवली, कपाट ठेवलं आणि पडदा नीट करताना तिच्या हातातली पेन्सिल खोलीत पडली. पेन्सिल गडगडत गेली ती थेट कोपऱ्यातल्या कपाटाला जाऊन टेकली. ठकीने बाबांची पाणसळ काढून फरशीवर ठेवली. आतला बुडबुडा सरळ एका टोकाला पळाला.

"बाबा! फरशीला ढाळ आहे!"

"आहे ना. दोन सूत. पुरता पाव इंच," बाबा म्हणाले. "कपाटाच्या कोपऱ्याकडे."

"ही न्हाणी नाहीये! ही झोपायची खोली आहे! इथे पाणी कुठे जायचंय?"

"मला काय सांगतेस? फोटोत बघ. कपाट वाकडं होऊ नये म्हणून त्याच्या कोपऱ्याकडच्या पायाखाली लाकडाची पट्टी घातलीय. खोलीच उतरती होती ती."

"तो फोटोवरचा डाग आहे."

"डाग इतका चौकोनी नसतो, ठके."

"बाबा, जित्याची खोड..." म्हण तिने अर्ध्यात गिळली, पण बाबांनी ती मनातल्या मनात पुरी केली असणार. तिच्या जिभेला त्या दिवशी हाड नव्हतं. "चाळीस वर्षं न्हाणीघरं करून तुम्हाला सपाट जमीन दिसतच नाही आता. एवढं झालं की तुम्ही आराम करा. पुढची फरशी मी घालीन."

बाबांनी पाणसळ उचलून पेटीत ठेवली. हात धुतले, पुसले आणि आतल्या खोलीत जाऊन बसले.

चार वाजता हेडबाई येणार होत्या. फरशी उखडायला वेळ नव्हता. ठकीने आगकाडीचे तुकडे कापले आणि कपाटाच्या, खाटेच्या उतरत्या बाजूच्या पायांखाली सरकवले. मग सगळं सामान डिंकाने चिकटवून टाकलं. आता वरून तरी सगळं सरळ दिसत होतं.

बरोबर चारला हेडबाई आल्या. बरोबर त्यांचे दादा होते, हातात काठी, नाकावर जाड चष्मा. ते छापखान्यात मुद्रितं तपासायचे आणि एखादी चूक सापडल्याशिवाय त्यांना अन्न गोड लागत नसे, असं हेडबाईंनीच आधी सांगून ठेवलं होतं. ठकीने खोलीवरचं कापड काढलं.

"अगंबाई, आपला पडदा!" हेडबाई म्हणाल्या.

"आपला हिरवा होता," दादा म्हणाले.

"निळा होता. हिरवा शेजारच्यांचा."

"तू पाळण्यात होतीस तेव्हा."

पाच मिनिटं ते दोघे पडद्यावरून भांडले आणि ठकी उभ्याउभ्या हातरुमाल पिळत राहिली. मग दादांनी काठी भिंतीला टेकवली. वाकून आत बघत राहिले. "छान आहे," ते म्हणाले, आणि त्या 'छान'मध्ये काही जीव नव्हता. ठकीला विम्याच्या कचेरीतली आपली खुर्ची दिसू लागली.

दादांनी खिशातून होमिओपॅथीची बाटली काढली. औषधाची वेळ झाली असेल असं ठकीला वाटलं. पण त्यांनी एक पांढरी गोळी बोटांच्या चिमटीत धरली, इवल्याशा दाराजवळच्या फरशीवर ठेवली आणि सोडून दिली.

गोळी क्षणभर थांबली. मग निघाली. सांध्यांवरून टिकटिक करत, वेग घेत, खाटेखालून पार होऊन कपाटाखाली दिसेनाशी झाली. ठकी पुढे झाली. "माफ करा," ती घाईघाईने म्हणाली, "फरशीत जरा चूक..."

"गेली!" दादा ओरडले. "अगं, कपाटाखाली गेली!" ते इतके हसले की चष्मा काढावा लागला. "आपल्या घरात जे पडेल ते तिथेच जायचं!"

"माझे सगळे मणी," हेडबाई म्हणाल्या. त्या हसत होत्या आणि डोळेही पुसत होत्या. "आणि तू पालथा पडून काठीने काढून द्यायचास. दर वेळी एक मणी लाच घेऊन."

"आणि ही बघ, पायाखालची पट्टी! ही मी घातली होती, चौथीत असताना. कपाटाचं दार आपोआप उघडायचं म्हणून." दादांनी ठकीकडे वळून विचारलं, "फरशी कोणी घातली हो?"

चाळीस वर्षांत हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. लोक रंग कुणाचा विचारतात, पडदे कुठून आणले विचारतात. फरशीवर नुसते चालतात.

"माझ्या बाबांनी," ठकी म्हणाली. तिला भयंकर आनंद झाला होता आणि तितकीच लाज वाटत होती. "ढाळ त्यांनी फोटोत ओळखला होता. मीच त्यांना चुकीचं ठरवलं."

बाबा आतून हळूहळू आले. दादांनी त्यांचा हात धरला तो सोडेचनात. दोघे म्हातारे खोलीवर वाकले, गोळीमागून गोळी सोडू लागले आणि प्रत्येक गोळीला पोरांसारखे ओरडू लागले. ढाळ दोन सूत की अडीच यावर त्यांचा वादही सुरू झाला.

हेडबाईंनी पिशवीतून आणखी एक फोटो काढून ठकीपुढे धरला. "आमचं स्वयंपाकघर. कराल?"

ठकीने तो हातात घेतला. बघायचा मोह झाला, पण तिने तो न बघताच पुढे केला.

"बाबा," ती म्हणाली, "आधी तुम्ही बघा. मग मला शिकवा."