आधी तालीम

हिशेबवाल्या बाई सहसा वरच्या मजल्यावर येत नसत. गुडघे कुरकुरतात म्हणायच्या. त्या सकाळी मात्र जिना चढून आल्या, सर्व्हरच्या खोलीचं दार आतून लोटून घेतलं आणि दम खात उभ्या राहिल्या.

"दादा, हसणार नसाल तर एक सांगते."

"मला हसून किती दिवस झाले, बाई. सांगा."

"ताईंचा दिवा हिरवा दिसतो."

ऑफिसातली माणसं एकमेकांना चॅटवर निरोप धाडायची. तिथे प्रत्येक नावापुढे एक दिवा. माणूस कॉम्प्युटरवर बसलेलं असलं की हिरवा, उठून गेलं की पिवळा, आलेलंच नसलं की राखाडी. ताई म्हणजे त्याची बायको. ऑफिसातले सगळे कॉम्प्युटर ती आणि तो मिळून सांभाळायचे, याच खोलीत, शेजारी शेजारी बसून. ती गेली त्याला चार महिने होत आले होते.

"तिच्या नावावर काही कामं आपोआप चालतात," तो म्हणाला. "बॅकअप वगैरे. त्यामुळे दिसत असेल."

हे खोटं होतं. रजा संपवून तो कामावर परतला, तेव्हा तिचं एक अर्धवट काम बघायला म्हणून तिच्या पासवर्डने आत शिरला होता. कोपऱ्यात तिचं नाव आलं. तिने लावलेलं समुद्राचं चित्र आलं. आणि दुपारी, तिने स्वतःसाठी लावून ठेवलेली सूचना पडद्यावर उगवली: 'त्याला जेवायला उठव.' तो मुकाट्याने उठला आणि जेवला. दुसऱ्या दिवशीही तिच्याच नावाने आत गेला. पुढे ते अंगवळणीच पडलं.

बाई हलल्या नाहीत. "असेल तसं. पण मागच्या आठवड्यात तुम्ही तापाने घरी होतात ना? तेव्हाही हिरवाच होता. मी मेलीने धीर करून लिहिलं, 'कोण आहे?' उत्तर आलं नाही. पण ते ठिपके असतात बघा, समोरचं माणूस काही लिहायला लागलं की नाचतात ते? ते नाचत होते. बराच वेळ."

"खोली उघडी होती का?"

"उघडी कशी असेल? किल्ली तुमच्याच खिशात असते की!"

बाई गेल्यावर त्याने सर्व्हरवरची नोंद काढली. कोण, कधी, कुठल्या कॉम्प्युटरवरून आत आलं ते तिथे आपसूक लिहिलं जातं. तापाच्या दिवसांतही तिचं नाव होतं. सकाळी, त्याच्या येण्याच्या वेळेला, याच कॉम्प्युटरवरून. त्याने कीबोर्डकडे पाहिलं आणि बोटं मागे घेतली.

तेवढ्यात साहेबांचा फोन आला. "अरे, खाली कुजबुज चाललीय. कोणी म्हणतं भूत, कोणी म्हणतं चोर. मला कसंसंच होतंय सांगताना, पण तिचं अकाउंट आज बंद कर बाबा. तुला जमत नसेल तर बाहेरचा माणूस बोलावतो."

"नको. मीच करतो."

बाहेरच्याने तिला पुसून टाकावं हे त्याला सहन झालं नसतं. आणि बंद केलं की ते नाव गेलं, समुद्र गेला, दुपारची हाकही गेली.

सोडून गेलेल्यांची अकाउंटं बंद करायला तिनेच एक स्क्रिप्ट, म्हणजे हुकमांची यादी, लिहिली होती. तीन महिने जो आत आला नाही, त्याला गेला असं समजायचं आणि त्याचं दार लावायचं. पण स्क्रिप्ट एकदम चालवायची नाही, हा तिचा दंडक. कॉम्प्युटरला असे हुकूम लिहून देतात त्या पॉवरशेलच्या निळ्या खिडकीत सोय आहे: हुकमाच्या शेवटी 'व्हॉट-इफ' जोडलं की तो काहीच करत नाही, काय केलं असतं तेवढं सांगतो. ती म्हणायची, "आधी तालीम, मग नाटक. तू म्हणजे उचलली जीभ, लावली टाळ्याला!" तिला चिडवायला तो तिला तालीममास्तर म्हणायचा.

त्याने तालीम लावली. निळ्या खिडकीत एकच ओळ उमटली.

तिचं नाव नव्हतं. ती तर आज सकाळीच आली होती.

नाव त्याचं होतं.

त्याने ओळ पुन्हा वाचली. चूक काहीच नव्हती. चार महिन्यांत तो स्वतःच्या नावाने एकदाही आत आला नव्हता. तिच्या हिशेबाने ती कामावर होती आणि गेला होता तो. यंत्रांची घरघर चालू होती आणि शेजारची रिकामी खुर्ची त्याच्याकडे वळलेली होती. तशी ती नेहमीच असायची का, ते त्याला आठवेना.

"कळलं गं," तो खुर्चीकडे न बघता म्हणाला.

तो तिच्या नावातून बाहेर पडला. समुद्र गेला. मग स्वतःचं नाव टाकलं. पासवर्डची मुदत संपली होती, नवा मागितला, तो दिला. त्याचा पडदा कोरा, निळाच होता. चित्र लावायचा त्याला कायम आळस. त्याने तिचं अकाउंट बंद करायचा हुकूम लिहिला, आधी तालीम केली आणि मग खरा चालवला.

चॅटमध्ये तिचा दिवा राखाडी झाला. लगेच खालून बाईंचा निरोप टपकला: 'अगंबाई! दादा, तुमचा दिवा लागला. इतके दिवस कुठे होतात?'

त्याने घड्याळ पाहिलं. जेवायची वेळ उलटून गेली होती आणि कोणी उठवलं नव्हतं. त्याने चॅटमधली तिची जुनी खिडकी उघडली आणि लिहिलं, 'जेवायला जातो.'

खाली ठिपके हलले. बंद दाराआड कोणी चाहूल घ्यावी तसे थोडा वेळ हलत राहिले आणि थांबले. आलं काहीच नाही.

तो घाबरला नाही असं नाही. पण पडद्याला कुलूप लावल्याशिवाय जागा सोडायची नाही, हाही तिचाच नियम. त्याने कुलूप लावलं, डबा उचलला आणि जिना उतरून माणसांत जाऊन बसला.