छातीपर्यंतचे बाबा

कॉम्प्युटर बंद पडला तेव्हा मी बाबांच्या शर्टाचं वरचं बटण लावत होते. पडद्यावर माझा धाकटा भाऊ "बाबा, आज काय फ्रेश दि..." एवढंच बोलला आणि गेला. पडदा काळा. टेबलाखालचा डबा गप्प. बाबांनी डावा हात उचलला, म्हणजे जो अजून त्यांचं ऐकतो तो, आणि पडद्याकडे बोट केलं.

"कुठे गेला?"

"त्याच्याच घरी आहे. डबा बंद पडला."

"मग शर्ट घातलास कशाला?"

बाबांचं हे असं. शर्ट त्यांनीच मागितला होता. रोज मागतात. उजवी बाजू गेल्यापासून ते अंथरुणाला खिळलेत, आणि रोज सकाळी धाकट्याचा व्हिडिओ कॉल यायच्या आत मला त्यांची दाढी करावी लागते, केसांवरून ओला हात फिरवावा लागतो, पाठीशी उशा रचून त्यांना बसतं करावं लागतं. मग इस्त्रीचा शर्ट. कमरेखाली काही नाही. म्हणजे डायपर, चादर, आणि माकडहाडावरची ती जखम, जी भरते म्हणेपर्यंत पुन्हा उकलते. कॅमेऱ्यात छातीच्या वरचंच येतं. धाकटा रोज त्या छातीपर्यंतच्या बाबांना भेटतो, खूश होतो आणि ऑफिसला जातो.

आता माझं. बाबांना उचलून उचलून मला हर्निया झालाय. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ऑपरेशन करा, आणि त्यानंतर महिनाभर पाण्याची बादलीसुद्धा उचलायची नाही. आत्तासुद्धा उचलू नका म्हणाल्या, त्यावर मी हसले. महिनाभर बाबांना उचलणार कोण? धाकटा. दुसरं आहे कोण? त्याला हे सांगितलं तर तो म्हणाला, "ताई, अगं बाबा तर ठणठणीत दिसतात. तू ना, जरा जास्तच मनाला लावून घेतेस. बघतो रजेचं." बघतो बघतो म्हणत उन्हाळा सरला, पावसाळा सरला. माझं पोट काही त्याच्या बघण्यासाठी थांबलं नाही.

एकदा मी कॅमेरा खाली वळवायला गेले होते. बाबा असे ओरडले की शेजारीण दारात आली. "माझी लाज काढतेस?" मी कॅमेरा वर केला. बापाची लाज झाकायची ती मुलीनंच, आणि त्या लाजेखाली मुलीचं पोट फाटलं तरी कुणाला दिसत नाही. असो.

डबा बंद पडल्यावर लगेच माझा फोन वाजला. माझा फोन बटणांचा आहे. मोठ्या पडद्याचे दोन घेतले होते, दोन्ही बाबांच्या हातून पडून फुटले.

"ताई, घाबरू नकोस."

"मी कशाला घाबरू? मी चहा पितेय."

"मी सांगतो तसं कर. स्क्रू ड्रायव्हर आहे?"

"सुरी आहे."

धाकटा कॉम्प्युटरच्याच कंपनीत आहे. त्यामुळे उंटावरून शेळ्या हाकायचा त्याला पगारच मिळतो. मी एका हातानं पोट धरून टेबलाखाली शिरले. फोन मानेत. सुरीनं झाकण उघडलं. आत धुळीची गोधडी.

"एक जाड केबल दिसेल, रंगीबेरंगी वायरची. ती उपट. आता कागदाची क्लिप सरळ कर. एक टोक हिरव्या वायरच्या भोकात, दुसरं काळ्या वायरच्या. मग मागचं बटण चालू."

"शॉक लागला तर?"

"नाही लागत."

"तू इथे नाहीस म्हणून सांगतोयस."

घातली क्लिप. डब्याच्या पाठीतला पंखा गरागरा फिरायला लागला.

"फिरतोय!"

"मग पॉवर सप्लाय ओके आहे," धाकटा म्हणाला, डॉक्टरनं रिपोर्ट वाचावा तसा. "दुसरंच काहीतरी असणार."

दुसरंच काहीतरी शोधण्यात आठवडा गेला. त्यानं सांगितलं म्हणून मी मेमरीची पट्टी काढून खोडरबरानं घासली. डब्यातल्या घड्याळाचा सेल बदलला. सगळं जागच्या जागी लावलं की डबा सुरू व्हायचा, पडदा उजळायचा, बाबा "आला, आला" म्हणायचे, आणि कॅमेरा लावून कॉल जोडला की पुन्हा अंधार. रोज तेच. रोज मी टेबलाखाली आणि रोज क्लिपवर पंखा फिरतोय. "बघ, सप्लाय मस्त आहे!" धाकटा फोनवर म्हणायचा.

त्या आठवड्यात बाबांनी दाढी करू दिली नाही. बघणारं कोणी नाही तर दाढी कशाला. भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. खरं सांगायचं तर मला बरं वाटलं. सकाळचा तेवढा एक तास मी पाय पसरून बसायचे. छताकडे बघायचे. छताला जळमटं होती. ती काढायचं मनात आणायचे आणि तसंच सोडून द्यायचे.

शेवटी मी फोनवर म्हटलं, "हे बघ, माझ्याच्यानं आता वाकवत नाही. कोपऱ्यावरच्या दुरुस्तीवाल्याला बोलावते."

"अजिबात नको! ते लोक चांगले पार्ट काढून घेतात. थांब, मीच येतो. शुक्रवारी रजा टाकतो."

मी फोन कानापासून लांब धरला, त्याच्याकडे बघितलं, परत कानाला लावला.

"काय म्हणालास?"

"रजा टाकतो म्हटलं. मशीन बंद ठेवून कसं चालेल?"

बापासाठी रजा नव्हती. बहिणीच्या पोटासाठी नव्हती. डब्यासाठी मिळाली.  हे बोलले असते तर तीही रद्द झाली असती.

शुक्रवारी बाबा उजाडल्यापासून मागे लागले. "शर्ट दे. पांढरा."

मी रात्रीच ठरवलं होतं. "आज शर्ट नाही, बाबा. त्याला बघू दे."

"काय बघू दे?"

"तुम्हाला."

बाबांनी बंद पडद्याकडे बघितलं. मग म्हणाले, "तो घाबरतो गं. लहानपणापासून घाबरट आहे."

"आणि मी?"

"तू नाहीस."

हे माझं बक्षीस. घाबरट असते तर माझंही भलं झालं असतं. चांगलं सुनावायचं ओठांवर आलं होतं, पण समोर बाबांचा तो एकच हात उशीखाली काहीतरी चाचपत होता. आरसा. दाढी वाढलेला गाल त्यांनी आरशात बघितला आणि आरसा पालथा घातला.

मी दाढी केली. पांढरा शर्ट घातला. दया आली म्हणून नव्हे. भांडायला अंगात त्राण नव्हतं म्हणून. मनात म्हटलं, आता हा येणार, छातीपर्यंत बघणार, डबा नीट करणार आणि जाणार. गेलं माझं ऑपरेशन.

धाकटा पाठीवर भली मोठी बॅग घेऊन आला. बाबांच्या खांद्यावर थाप मारली. "काय बाबा, एकदम हिरो!" बाबा अर्ध्या तोंडानं हसले. माझ्याकडे बघून तो म्हणाला, "बारीक झालीस," आणि मी काही म्हणायच्या आत टेबलाखाली गेला. बॅगेतून त्यानं सगळं काढलं, पट्ट्या, वायरी, ब्रश. सप्लाय तेवढा आणला नव्हता. क्लिप लावली.

"बघ, फिरतोय."

"गेला आठवडाभर फिरतोय."

मग म्हणाला, "ताई, पलंग थोडा ओढायला लागेल. भिंतीतला प्लग मागे आहे. बाबांना जरा खुर्चीत बसव ना."

मी स्टुलावर बसले होते. बसूनच राहिले.

"तू बसव."

"मी?"

"मला उचलायला मनाई आहे. सांगितलं होतं."

तो उठला, हात झटकले, पुढे आला आणि बाबांच्या काखेत हात घालून त्यांना ओढलं. माणूस असा ओढला तर शर्ट वर जातो आणि चादर खाली. चादर गेली. काठ्यांसारखे पाय, डायपर, जखमेवरच्या पट्टीच्या कडेनं आलेलं पिवळं पाणी, आणि तो वास, जो मला आता येतसुद्धा नाही. धाकटा बाबांना अर्धवट धरून तसाच उभा राहिला. पुढे जाता येईना, मागे ठेवता येईना.

"ताई, धर. धर ना!"

"नाही."

बाबांनी डोळे घट्ट मिटले होते. मिटल्या डोळ्यांनीच म्हणाले, "गुडघ्यात वाक, गाढवा. ती गुडघ्यात वाकते."

तो वाकला. उचललं. खुर्चीत बसवलं की आपटलं, काय म्हणावं ते म्हणा, पण बसवलं. धाकट्याच्या कपाळावर घाम आला होता आणि धाप अशी लागली होती, जणू जिने चढून आलाय.

"डायपर भरलंय," मी म्हणाले. "तेही बदलायचंय. कपाटात खालच्या खणात."

"मला येत नाही."

"मी सांगते तसं कर. आधी त्यांना डावीकडे कलव, मग मांडी उचल. उजवी. ती त्यांची त्यांना उचलत नाही. आता पुसून घे, पुढून मागे. पट्टीला धक्का लावू नकोस." त्याचा हात मध्येच थबकला. "लाव हात. शॉक नाही लागत."

आता उंटावर मी होते. वाटलं होतं, या क्षणी मला मजा येईल. नाही आली. नुसतं पोट ओढत होतं.

झालं ते सगळं. त्यानं दोनदा साबण लावून हात धुतले. पलंग ओढला, प्लग काढला आणि टेबलाखाली जाऊन बसला. बराच वेळ काही आवाज नाही. मला वाटलं, रडतोय. वाकून बघितलं तर सप्लायचा चौकोनी पत्रा हातात घेऊन नुसता बसला होता.

"हाच गेलाय," तो म्हणाला. "पंखा फिरण्याला काही अर्थ नसतो. लोड नसला की फिरतोच. कॅमेरा जोडला, लोड आला, की बसतो."

मी स्टूल भिंतीपर्यंत मागे सरकवून त्याला वाट दिली.

कोपऱ्यावरच्या दुकानातूनच त्यानं नवा सप्लाय आणला, ज्या दुरुस्तीवाल्याला हात लावू द्यायचा नव्हता त्याच्याकडूनच. बसवला. डबा सुरू झाला. कॅमेरा कुठपर्यंत बघतो ते तपासायला त्यानं तो बाबांकडे वळवला, आणि पडद्यावर बाबा आले. पांढरा शर्ट, गुळगुळीत गाल, ओले विंचरलेले केस. ठणठणीत. डबा चालत राहिला. धाकट्यानं पडद्याकडे बघितलं, मग खुर्चीकडे. मग परत पडद्याकडे.

"ताई, तुझं ते ऑपरेशन. कधी म्हणालीस?"

"कितीतरी वेळा सांगितलंय."

"परत सांग."

मी परत सांगितलं. हर्निया सांगितला, महिना सांगितला, बादली सांगितली. आवाज चढवायचा होता, चढला नाही. सामानाची यादी वाचल्यासारखं सगळं सांगून झालं. तो डब्याच्या झाकणाचा एक स्क्रू बोटांत फिरवत ऐकत होता.

"ऑफिसला कळवतो," तो म्हणाला. "इथूनच काम करीन. महिनाभर. मशीन आहे ना."

"बघतो म्हणू नकोस."

"नाही म्हणत."

मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. पाठ आपोआप भिंतीला टेकली एवढंच. टेकली ती टेकलीच.

"अरे, कुणीतरी हा शर्ट काढा," बाबा खुर्चीतून म्हणाले. "गळ्याशी काचतोय."

सवयीनं माझे पाय जमिनीवर टेकले. धाकटा माझ्याकडे बघत होता, मी उठते का ते.

मी उठले नाही.

त्यानं स्क्रू खिशात टाकला आणि बाबांच्या वरच्या बटणाला हात घातला.