नाव घे, मग पासवर्ड

लग्नाला आठवडा झाला नव्हता आणि मी सासरच्या हॉलमध्ये उभी राहून वायफायच्या पासवर्डसाठी हात पसरत होते. अंगावर जरीची साडी, कोपरापर्यंत हिरवा चुडा आणि काखेत ऑफिसचा लॅपटॉप, खांद्याला त्याची पिशवी. समोर सतरंजीवर नवऱ्याच्या आत्या, मावश्या, काकू आणि त्यांच्या शेजारणी, सगळ्यांच्या तोंडात पेढे. सगळ्यांत पुढे धनलक्ष्मीआत्या, म्हणजे माझ्या सासऱ्यांची थोरली बहीण. त्यांनी मांडीवर थाप मारली आणि फर्मान काढलं, "नाव घे, मग पासवर्ड."

नाव म्हणजे नवऱ्याचं, आणि तेही यमक जुळवून, उखाण्यात. दाराशी अडवून नवरीकडून उखाणा वसूल करायचा ही आमच्याकडची जुनी गंमत. मी बेळगावची, असल्या गमतींतच वाढले आहे. गृहप्रवेशाला घेतला, पंगतीत घास भरवताना घेतला, सत्यनारायणाला घेतला. कुणी सांगेल तेव्हा घेतला. पण इथे दार नव्हतं. इथे राउटर होता. हॉलच्या भिंतीवर, टीव्हीच्या वर, हिरवे दिवे लुकलुकवत बसलेला. त्याचा पासवर्ड सकाळी अंघोळीला गेले तेवढ्यात बदलला होता.

बदलला कुणी, हे विचारायचीही गरज नव्हती. माझा नवरा इथे बेंगळूरातच, व्हाइटफील्डला सॉफ्टवेअरमध्ये आहे. घरात बाकी कुणाला राउटरला हात लावता येत नाही. तो आत्यांच्या मागे भिंतीला टेकून उभा होता, मोबाइलवर माझा व्हिडिओ काढत. दात काढून हसत होता. ते हसू मला लग्नापासून गोड वाटत आलं होतं, हे आता लिहितानाही अंगावर काटा येतो.

अकरा वाजता माझी मुलाखत होती. बेळ्ळंदूरच्या ज्या कंपनीत मी हॉटेल-बुकिंगच्या तक्रारी निस्तरते, तिथे आमच्या गटाचं प्रमुखपद रिकामं झालं होतं. त्या खुर्चीसाठी मी लग्नाच्या खरेदीतसुद्धा अभ्यास करत होते. साड्यांच्या दुकानात गादीवर बसून मी तक्रारींचे तक्ते पाठ केले आहेत. मुलाखत ऑनलाइन, एकदाच, आणि दुसरी तारीख मिळणार नाही असं कृष्णमूर्तीसरांनी स्पष्ट कळवलं होतं. हे घरात सगळ्यांना माहीत होतं. नवऱ्याला तर मीच लग्नाआधी, साखरपुड्याच्या दिवशी सांगितलं होतं. तो म्हणाला होता, "ग्रेट! आय अ‍ॅम सो प्राउड." आणि माझा हात दाबला होता.

माझ्या फोनचं नेट वापरावं, तर शिवाजीनगरातलं हे घर दोन उंच गोदामांच्या मधल्या बोळात. आत फोनला धड रेंज नाही. बाहेर रस्त्यावर जावं, तर कुलदेवतेचं दर्शन होईपर्यंत नव्या नवरीनं उंबरा ओलांडायचा नाही असा या घरचा कायदा. थोडक्यात, मी, लॅपटॉप आणि तो राउटर.

म्हटलं ठीक आहे, एक उखाणा, संपलं. मी म्हणाले,

"बेळगावच्या कुंद्याची जगात न्यारी गोडी,
विनोदकुमार आणि माझी शोभून दिसते जोडी."

टाळ्या पडल्या. मी हात पुढे केला. "सांगा आता."

"हा पुस्तकातला झाला," एक मावशी म्हणाली. "जोडीला गोडी! स्वतःचा घे की."

घड्याळात अजून वेळ होता. मी दुसरा जुळवला.

"कब्बन पार्कात झाडं, झाडांखाली सावली,
विनोदकुमारांच्या घरी मिळाली दुसरी माउली."

दुसरी माउली म्हणजे माझ्या सासूबाई, सुनंदाबाई. त्या स्वयंपाकघराच्या दारात चिरमुऱ्यांची परात घेऊन उभ्या होत्या. बायकांनी त्यांच्याकडे बघून आवाज केले. त्या हसल्या नाहीत. घड्याळाकडे बघून त्यांनी परात खाली ठेवली, एवढंच.

"सरी सरी, चांगला आहे," धनलक्ष्मीआत्या म्हणाल्या. "पण आवाज ऑफिसात बोलल्यासारखा. नवऱ्याचं नाव घेतेस का हजेरी? जरा लाजून म्हण गं."

"लाजून!" सगळ्या ओरडल्या.

"आणि इकडे बघून," नवरा मोबाइलमागून म्हणाला. "मगाशी मान खाली होती. परत एकदा."

मी लाजले. खोटं कशाला सांगू, लाजल्याचं नाटक केलं. पापण्या खाली, ओठ दाताखाली, पदराचं टोक बोटाभोवती. सिनेमातल्या बायका करतात ते सगळं. एक काकू उठल्या आणि पेढ्याच्या बोटांनी माझी हनुवटी धरून तोंड कॅमेऱ्याकडे वळवलं. तुपाचा तो चिकट ठसा पुसायला माझे हातही मोकळे नव्हते. दुसऱ्या एकीनं लॅपटॉपवर हात ठेवला आणि "केवढ्याचा गं?" म्हणून विचारलं. कंपनीच्या चिन्हावर पेढ्याचा चुरा लागला.

मग तिसरा उखाणा झाला. मग आडनावासकट झाला. मग एका शेजारणीसाठी कानडी शब्द घालून झाला. दर वेळी आता देतील असं वाटायचं आणि दर वेळी नवी खोट निघायची. इतका वेळ मी कधी कुणाकडे काही मागत उभी राहिले नव्हते. गिऱ्हाइकांच्या शिव्या खायचा पगार घेते मी, पण त्यांच्यातला एकही मला लाजून बोल म्हणाला नव्हता.

"आत्या, पाया पडते," शेवटी मी म्हणाले. "माझी खरंच मुलाखत आहे. दहा मिनिटं राहिलीत. संध्याकाळी म्हणाल तितके उखाणे घेते."

माझा आवाज फुटला. तो मला आवरता आला नाही. धनलक्ष्मीआत्यांचा चेहरा पडला. त्या वाईट नाहीत, हे मला तेव्हाही कळत होतं. त्यांनी मला ओढून शेजारी बसवलं, पाठीवरून हात फिरवला.

"अय्यो, रडतेस काय वेडे? स्वल्प थांब, एवढंच तर म्हणतोय आम्ही. अकरा वाजून गेले की देऊन टाकणार. विन्यानं सांगितलंय ना सगळं. तुला ती परीक्षा द्यायचीच नाही, पण साहेबाला नाही म्हणता येईना. नेट नव्हतं म्हणून सांगितलं की सुटलीस. म्हणून तर खेळवतोय तुला."

"मला द्यायची नाही, असं तो म्हणाला?"

"हो की. रोज त्या बेळ्ळंदूरपर्यंत जाणं-येणं, तो ट्रॅफिक, रात्री उशिरा घरी. घरून काम आहे ते बरं आहे, कावेरीलाही तेच हवंय म्हणाला. का? तसं नाही होय?"

मी मान वर केली. नवऱ्यानं मोबाइल खाली घेतला होता. हसू मात्र अजून तोंडावर तसंच होतं, काढायचं राहून गेलेलं.

"कावेरी, लिसन," तो म्हणाला. "आपण नंतर बोलू ना. सगळ्यांसमोर नको. मी तुझाच विचार केला होता."

मला राग येईल असं वाटलं होतं. आली ती किळस. दुधाच्या पातेल्यात पाल सापडावी तशी शिसारी. भांडायचं असतं तर तो भांडू शकला असता. नको जाऊस म्हणाला असता तर मी ऐकलं नसतं, पण माणूस म्हणून त्याला उत्तर दिलं असतं. त्यानं तेही केलं नाही. माझी इच्छा म्हणून माझ्या तोंडी एक खोटं घातलं, आपल्याच आत्यांना पुढे घातलं, आणि त्यांच्या मायेच्या आड उभं राहून माझं लाजणं कॅमेऱ्यात भरत बसला. त्या प्रत्येक उखाण्यात मी त्याचंच नाव घेत होते. त्या नावाची चव माझ्या जिभेवर होती आणि मला थुंकावंसं वाटत होतं.

मी उठले. टीव्हीवर कुठल्याशा देवळातली आरती लावली होती. टीव्हीच्या डब्याला राउटरमधून एक पिवळी वायर आली होती. वायर लावली की पासवर्ड लागत नाही. हे एवढं साधं मला आधी सुचायला हवं होतं, पण आधी मी गंमत समजून रांगेत उभी होते ना! ऑफिसच्या पिशवीत वायर जोडायचा छोटा तुकडा होताच, घरून काम करताना वायफाय गेलं तर तो लागतो. टीव्हीच्या डब्यातून वायर उपसली. आरती थांबली. कुणीतरी "अगं अगं!" केलं. मी राउटरखाली जमिनीवर मांडी घातली, वायर लॅपटॉपला खुपसली, आणि पडद्यावरचं ते गोल चक्र फिरून थांबलं.

"तू असं इथे बसून देणार?" नवरा जवळ आला. "हॉलमध्ये? कावेरी, हे बरं दिसत नाही."

त्याच्या आणि माझ्या मधे सुनंदाबाई येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी त्याच्या अंगाला हात लावला नाही, आवाज चढवला नाही.

"वर जा," त्या म्हणाल्या. "तुझं काम आहे ना? जा."

तो गेला. जिन्यावर त्याची पावलं वाजली तेवढ्यात कृष्णमूर्तीसरांचा चेहरा पडद्यावर आला. सोबत आणखी दोघं. माझ्या मागे डझनभर बायका आणि हळदीकुंकवाचं तबक, हे सगळं त्यांना दिसत होतं.

"घरी कार्यक्रम आहे वाटतं?" सरांनी इंग्रजीत विचारलं. "पुढे ढकलता येणार नाही, पण पाच मिनिटं हवीत का?"

"नको सर," मी म्हणाले. "तयार आहे."

हनुवटीवरचं तूप मी तिथेच पदरानं पुसलं आणि सुरू केलं. काय बोलले ते सगळं आठवत नाही. दिवाळीच्या आठवड्यात बुकिंग कोलमडली तेव्हा आमच्या गटानं काय केलं ते सांगितलं, आता गट माझ्या हातात आला तर काय वेगळं करीन ते सांगितलं. एका प्रश्नाला माझं उत्तर चुकलं, ते मी तिथेच दुरुस्त केलं. धनलक्ष्मीआत्यांना इंग्रजी येत नाही, पण माझ्या पाठीमागे त्या श्वास रोखून बसल्या होत्या. शेजारणीच्या बांगड्या वाजल्या तर त्यांनी तिला चिमटा काढला.

मुलाखत संपली, पडदा काळा झाला, आणि मी लॅपटॉप मिटला नाही. राउटरच्या पाठीवर स्टिकर असतं, त्यावर सेटिंगमध्ये शिरायचा परवलीचा शब्द छापलेला असतो. तो बदलायचा असतो. व्हाइटफील्डच्या आमच्या सॉफ्टवेअरवाल्यानं बदलला नव्हता. मी आत गेले, त्यानं सकाळी घातलेला पासवर्ड पुसला, नवा घातला. सहज लक्षात राहणारी अक्षरं आणि आकडे, कुणाचंही नाव नसलेला. मग एकेकीचा मोबाइल मागून घेतला आणि स्वतः जोडून दिला. आत्यांचा, सासूबाईंचा, हनुवटी धरणाऱ्या काकूंचाही. कुणाकडून काही म्हणवून घेतलं नाही.

वरून धाडधाड पावलं आली. नवऱ्याचा कॉल मधेच तुटला होता.

"नेट का गेलं?" तो म्हणाला, आणि माझ्या मांडीवरचा लॅपटॉप बघून त्याला कळलं. हॉल पुन्हा फसफसला. बायकांना काय, खेळ परत सुरू झालेला हवाच होता.

"आता तुझी पाळी विन्या! नाव घे तिचं, मग पासवर्ड!"

आणि तो खुलला. तोच हसरा चेहरा, जणू मधे काही घडलंच नाही. हात जोडून, गुडघा टेकवून त्यानं म्हटलं,

"कावेरीचं पाणी, बेंगळूरची तहान,
कावेरी माझी राणी, मी तिच्यापुढे लहान."

टाळ्या, शिट्ट्या. चांगला जमला होता. त्याला असलं सगळं पहिल्या फटक्यात जमतं. ना कुणी खोट काढली, ना कुणी लाजून म्हण म्हटलं. तो माझ्याकडे बघत राहिला. मी आता हसेन, मानेनं नाही नाही करीन, दोन आढेवेढे घेईन, आणि मग सगळं धुऊन निघेल, याची वाट बघत होता.

मी पासवर्ड सांगितला. सरळ, एकदा, गिऱ्हाइकाला सांगतात तसा. आणि वायर परत टीव्हीला लावून उठले.

ती जागा मला मिळाली. रोज सकाळी बेळ्ळंदूरची कॅब बोळाच्या तोंडाशी येते. सासूबाई डबा भरून देतात आणि काही विचारत नाहीत. नवऱ्यानं माफी मागितली आहे, बऱ्याचदा, नीट शब्दांत. मी "बरं" म्हणते. घर सोडलेलं नाही. सोडीन की नाही, ते अजून माझं मलाच ठरवता आलेलं नाही. पण त्या दिवसापासून त्याचं नाव माझ्या तोंडून निघालेलं नाही. हाक मारायची वेळ आली तर "ऐकलं का" म्हणते, दुसऱ्यांशी बोलताना "हे" म्हणते. ते नाव ओठांशी आलं की पेढ्याचा वास येतो.

धनलक्ष्मीआत्यांच्या हे लक्षात आलंय. कुणाच्या बारशाला, मुंजीला गेलो की त्या मला पुढे करतात आणि चारचौघींत कौतुकानं सांगतात, "आमची कावेरी नोकरीत एवढी मोठी साहेब, पण वळण बघा कसं जुनं. नवऱ्याचं नाव म्हणून तोंडातून काढत नाही."

बायका वा म्हणतात. शेजारच्या पंगतीत नवरा मान खाली घालून पानातली कोशिंबीर चिवडत असतो.