फांगजीच्या आधीचा शब्द

वैजयंती पार वैतागून गेली होती. परदेशात, पिनर गावी, मिस्टर लाऊंच्या चिनी औषधांच्या दुकानात अकरा वर्षं पुड्या बांधल्या, त्याचं काही नाही हो. पण सकाळपासून ही सरकारी बाई प्रश्नांवर प्रश्न विचारत होती, आणि अजून कपभर चहासुद्धा पोटात नव्हता.

भानगड सगळी नावाची. फांगजी नावाच्या मुळ्या दोन. ‘हान फांगजी’ बिनधोक, दुसरी किडन्यांची वाट लावणारी. घोळ नको म्हणून सरकारनं दोन्हींवर बंदी घातली. लाऊंनी मुकाट्यानं बरणी काढून दिली. पण आजवर पेशंटना नेमकी कोणती दिली, तेही दाखवायचं होतं. नाहीतर म्हाताऱ्याची चाळीस वर्षांची वैद्यकी बंद.

लाऊ कायम हानच आणायचे. लेबलांवर मात्र नुसतं ‘फांगजी’.

लेबलं वैजयंतीनं लिहिली होती. एवढंसं लेबल, जागा पुरेना, म्हणून तिनंच ‘हान’ उडवला होता. शी! पुण्याच्या आयुर्वेद कॉलेजात ब्राह्मी नावाच्या दोन वनस्पतींवरून सरांनी अख्ख्या वर्गाला झापलं होतं, तेव्हा पहिल्या बाकावर हीच तर बसली होती.

“लेबलं कुणी लिहिली?” बाईंनी विचारलं.

“मी,” लाऊ म्हणाले.

बाईंनी त्यांच्यापुढे फॉर्म सरकवला. लाऊ वेडंवाकडं एकेक इंग्रजी अक्षर काढायला लागले. बाई एकदा फॉर्मकडे बघत, एकदा लेबलांकडे. वैजयंतीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिनं त्यांच्या हातातून पेन काढून घेतलं.

“मी लिहिलीत. यांनी पूर्ण नाव सांगितलं होतं, मीच गाळलं.”

बाई जरा नरमल्या. “तुमचं यातलं शिक्षण नसेल, तर तुम्हाला दोष नाही. न शिकलेल्या माणसाकडे हे काम सोपवलं, ही जबाबदारी मिस्टर लाऊंची.”

लाऊंनी लगेच मान हलवली. “हो, हो. शिक्षण नाही तिचं.”

बाईंनी आता वैजयंतीपुढे नवा फॉर्म ठेवला, त्यावर तिसरीच ओळ शिक्षणाची होती. या देशात तिची पदवी कुणी कधी विचारलीच नव्हती. आज विचारत होते, ते हे असं. वैजयंतीनं दमल्या हातानं ती लिहिली, कॉलेजच्या नावासकट, वर्षासकट. जागा पुरेना, तर समासात लिहिली, पण एक शब्द गाळला नाही.