काळ्या ओळी उजेडात धरून

गुप्तहेर खात्यात त्याला सगळे निरोप्या म्हणत. काम एकच : दर तीन महिन्यांनी खात्याचा अहवाल लोकप्रतिनिधींच्या समितीपुढे ठेवायचा आणि तासाभराने प्रती मोजून परत आणायच्या. त्याआधी गुप्त ओळींवर शाईवाले काका काळी शाई फिरवत. कुठल्या ओळींवर, ते संचालकसाहेब चिठ्ठीवर लिहून देत.

समितीच्या अध्यक्षबाई म्हणजे निरोप्याची सख्खी आत्या. जगाच्या सोयरिकी हुडकणाऱ्या खात्याने त्याला हे कधी विचारलंच नव्हतं. आता आपणहून सांगावं, तर नोकरी गेलीच म्हणून समजा.

त्या दिवशी आत्याने चष्मा लावला, सात सभासदांनी पानं उलटली आणि निरोप्याच्या पायाखालची वाळू सरकली. पानंच्या पानं उघडी! काळ्या ओळी इनमिन नऊ. साहेबांनी या खेपेला लिहायचे कष्ट वाचावेत म्हणून चिठ्ठीवर उघड्या ठेवायच्या ओळींचे आकडे दिले होते आणि काकांनी तीस वर्षांच्या सवयीने नेमक्या त्याच काळ्या केल्या होत्या.

'वाचू नका' म्हणावं, तर मुद्दाम वाचतील. काय काय उघडं पडलंय ते बघावं, तर गुप्त ओळी वाचायची त्याला परवानगी नव्हती. माणूस नियमाचा पक्का. तो छताकडे बघत बसला.

थोड्या वेळाने खुर्च्या सरकल्या. बघतो तर आठही जण खिडकीपाशी, पानं काचेला लावून!

"बाई, जरा सरका, तुमची सावली पडतेय," एक म्हातारे सभासद म्हणाले.

"उघड्या ओळी बघितल्या का कुणी?" दुसऱ्याने विचारलं.

"बारा वर्षं बघतोय," म्हातारे म्हणाले. "प्रस्तावना आणि आभार. खरा माल काळ्यात असतो. हं, लागलं! चहाचं... यंत्र... चार महिने... बंद!"

आठही माना निरोप्याकडे वळल्या.

"काय हो अधिकारी," आत्या कडाडली, "हे आमच्यापासून लपवता? काय भानगड आहे या यंत्राची?"

"मॅडम, ते... नुसतं बंद आहे."

"नुसतं बंद असतं तर काळं कशाला केलं असतं रे?"

तो 'रे' तोंडातून निसटलाच. आत्या खोकली. सुदैवाने सगळे यंत्रात गुंग होते. चौकशीचा ठराव एकमताने झाला. प्रती परत आल्या, निरोप्याने मोजल्या. आठ. उघड्या गुपितांकडे कुणी ढुंकूनही बघितलं नव्हतं.

"काही अवघड विचारलं का?" कचेरीत साहेबांनी विचारलं.

"चहाच्या यंत्राबद्दल विचारलं, साहेब."

साहेबांचा चेहरा पडला. "ती ओळ तर मी उघडी ठेवायला सांगितली होती, आणि उघड्या ओळी ते कधीच वाचत नाहीत! मग यंत्राचं त्यांना कुठून कळलं? आपल्यातलाच कोणीतरी बाईंच्या घरातला आहे. कोण ते शोध आणि आज संध्याकाळपर्यंत लेखी दे."

निरोप्याच्या डोक्याचा भुगा झाला. त्याने तर काहीच सांगितलं नव्हतं, पण बाईंच्या घरातला तोच होता. म्हणजे चौकशी चुकीची आणि उत्तर बरोबर. अहवालात खोटं लिहिलं तर तुरुंग. काळं करायला मात्र नियमाची आडकाठी नव्हती. त्याने दोन पानं लिहिली. अकरावी ओळ : 'अध्यक्षबाई माझ्या सख्ख्या आत्या आहेत.' पानं घेऊन तो काकांकडे गेला.

काकांनी बाटली उघडली. "ही अकरावी ना? काळी करायची की ठेवायची? नीट सांगा बाबा. परवा साहेबांच्या चिठ्ठीवर नुसते आकडेच होते."

काचेच्या दारापलीकडे साहेब दिसत होते. समितीचा ठराव खिडकीच्या उजेडात धरून, एक डोळा मिटून ते बघत होते. ठरावात एकही काळी ओळ नव्हती, तरी बघत होते.

"काका," निरोप्या हळूच म्हणाला, "अकरावी उघडीच ठेवा."

"मग काळं काय करू?"

"तारीख करा," तो म्हणाला. "चांगली जाड."